हवेत फिरलेली सोळा मिनिटं

माझ्या मामाने पस्तीस वर्षं जे बनवलं, ते कुणी पाहिलेलं नाही. तो आमच्या कारखान्याच्या ओतकाम खात्यात साचे भरायचा. वाळूचा साचा दाबून भरायचा, त्यात पोलादाचा रस ओतायचा, निवला की साचा फोडायचा; आत वॉल्व्हचं अंग तयार असतं. ते मशीन शॉपमध्ये जातं. तिथे लेथवर त्याची पाच-पाच मिलिमीटर जाडी खरवडून काढतात आणि मग आतून जो चकचकीत नग निघतो, त्याला लोक काम म्हणतात. मामाच्या हाताखालून आलेली बाजू तोवर कीस होऊन ट्रॉलीत पडलेली असते. ट्रॉली पुन्हा भट्टीकडे यायची आणि मामा तेच पोलाद पुन्हा ओतायचा.

मी त्याच कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर मापं घेते. नऊ किलोचा नग येतो, पाच किलोचा जातो. मधले चार किलो येतात कुठून, हे मी एकदा मुळापासून शोधत गेले आणि मला शिसारी आली. ड्रॉइंगवाला हव्या त्या मापावर दोन मिलिमीटर वाढवतो, कमी पडायला नको म्हणून. लाकडी नमुना करणाऱ्या सुताराचा ड्रॉइंगवाल्यावर विश्वास नाही, म्हणून तो आणखी दीड चढवतो. साचा भरणारे नमुना उचलताना मुद्दाम जरा जास्त हलवतात, तिथे आणखी दीड. जाड नग आला तर कुणी कुणाला काही बोलत नाही, कारण जाड नग घासता येतो. पातळ आला तर चौकशी लागते. म्हणजे तीन माणसं आपापली भीती त्या नगात ओततात, आणि चौथा माणूस ती पगार घेऊन खरवडत बसतो. सगळ्यांना हे ठाऊक आहे, आणि सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले.

एकट्या मामाला त्याचा राग यायचा. तो नगाच्या वरच्या बाजूला कातडी म्हणायचा. ‘माझी कातडी सोलून मग म्हणतात काम छान झालं,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. दिसायला अगदी साधा माणूस. भुवया भट्टीने कधीच्या खाल्लेल्या, त्यामुळे चेहरा कायम नुकतंच काहीतरी नवल ऐकल्यासारखा. हाताला एक खोड होती: धातूची कुठलीही वस्तू दिसली की अंगठा फिरवून पाहायचा. दाराची कडी, बसमधला दांडा, कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर त्यांचा नळ. नळावर अंगठा फिरवून तो यजमानाला सांगायचा, ‘साचा नीट बसला नव्हता हो.’ मामीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एके दिवशी हाच अंगठा मामीच्या शिलाई मशीनच्या खालच्या एका लहानशा भागावर अडकला. कापड दाबून धरणारा तो पाय. त्यावर ना कानशीची खूण होती, ना वाळूचे दाणे. एवढ्या नाजूक आकाराची वस्तू जशीच्या तशी साच्यातून निघालेली. मामा तो भाग खिशात घालून दोन दिवस हिंडला आणि मामीचं शिवण दोन दिवस अडलं. शेवटी मशीन दुरुस्त करणाऱ्याने त्याला सांगितलं की हे मेणाचं ओतकाम. हुबेहूब मेणाचा नमुना करायचा, तो बारीक मातीच्या पातळ लगद्यात बुडवायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा, असे सात थर द्यायचे. मग वाफेने आतलं मेण वितळवून काढायचं, उरलेलं कवच भाजायचं आणि त्यात रस ओतायचा. मेणाचा जो आकार, तोच पोलादाचा. वाढवाढव काही नाही.

पुढची दोन वर्षं मामीला घरात नांदणं कठीण झालं. वाफ हवी म्हणून मामाने तिचा कुकर घेतला. मेण त्या कुकरच्या अशा काही अंगात मुरलं की भातालाही त्याचा वास यायला लागला. ‘माणसाने खावं काय, मेणबत्त्या?’ असं म्हणून तिने कुकर अंगणात भिरकावला. मामाने तो निमूटपणे उचलून आणला आणि तिच्यासाठी नवा आणला. कवचं तडकायची. पंख्याच्या वाऱ्याने एक बाजू आधी वाळते आणि दुसरी मागे राहते, हे त्याच्या लक्षात यायला आठ महिने लागले. मग पंखा बंद, खिडकी बंद, खोलीत ओली पोती टांगलेली, आणि मध्ये मामा स्टुलावर बसून मातीची कवचं वाळताना पाहतो आहे. शेजारपाजारचे म्हणायचे, मामा गेला कामातून.

पण शेवटी कारखान्याच्या भट्टीतला रस ओतून नग निघाला. मी तो तपासणीच्या टेबलावर ठेवला आणि चार वेळा मोजला. जिथे घासायचं होतं तिथेच तेवढं अर्धा मिलिमीटर जास्त. बाकी सगळं माप शेवटचं. मी मामाला म्हणाले, ‘हे तू केलंस?’ तो म्हणाला, ‘मेणाने केलं. मी नुसता बसून होतो.’

ओतकाम खातं बंद करावं आणि नग बाहेरून आणावेत, असं कारखान्याच्या वरच्या लोकांच्या मनात तेव्हा घोळतच होतं. खात्यात बत्तीस माणसं. मामा तो नग घेऊन आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब म्हणजे असा माणूस, की ओतकामातलं कुणी भेटून गेलं की रुमालाने टेबल पुसून घेतो. माणूस दारातून बाहेर पडेपर्यंतही त्याला दम निघत नाही. पण तो म्हणाला, ‘चाळीस नग करून द्या. एका नगाला लेथवर आज सव्वीस मिनिटं लागतात. ती निम्मी झाली तर मेणाचा विभाग काढू, तुम्हीच सांभाळा. नाही झाली तर खातं बंद. पहिल्या तीस नगांवर रिपोर्ट करा.’ बत्तीस घरं एका आकड्यावर टांगून त्याने टेबल पुसलं.

आता लेथ कुणाच्या ताब्यात, तर आमच्या ह्यांच्या. माझे यजमान मशीन शॉपचे फोरमन. आमचं लग्न मामानेच जमवलं होतं; ‘माणूस सरळ आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात,’ असं सांगून. ते खरंच आहे. बारा वर्षांत मी ह्यांना कुणाच्या अध्यात जाताना पाहिलेलं नाही. तेव्हा मला तो गुण वाटला होता.

चाळीस नग मशीन शॉपमध्ये गेले. चौथ्या दिवशी सकाळी तीस नगांचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. मापांचे रकाने मी स्वतः भरलेले होते, सगळे नग पास. शेवटच्या रकान्यात ह्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: जुने नग सव्वीस मिनिटं, नवे नग सव्वीस मिनिटं. मी तो आकडा पाहिला. मला वाईट वाटलं. मनात म्हटलं, असेल, मातीच्या कवचात पोलाद कडक होत असेल. आणि खाली सही केली. हे मी लपवत नाही. मापं माझी, वेळ त्यांची, असा विचार करून मी सही केली. दुसऱ्यांना नावं ठेवायला मी पुढे असते म्हणून सांगते, त्या सहीची मला आजही किळस येते.

दुपारच्या आधी मशीन शॉपमधला कीस उचलणारी बाई माझ्या खिडकीशी पाणी प्यायला आली. मी म्हटलं, ‘आज निवांत दिसताय.’ ती म्हणाली, ‘चार दिवस निवांतच आहे. त्या तीन नंबरच्या लेथखाली कीसच पडत नाही. मशीन तर सारखं घरघरतंय. बिघडलंय का हो?’

मी हातातलं टाकून तीन नंबरवर गेले. अडतिसावा नग लावलेला होता. काचेच्या दारातून पाहिलं. नग गरगर फिरतो आहे, वरून पांढरं पाणी सांडतं आहे, आणि हत्यार नगापासून पाच मिलिमीटर लांबून, अगदी मन लावून, डावीकडून उजवीकडे जातं आहे. मग परत. मग जरा जवळ सरकून पुन्हा डावीकडून उजवीकडे. नगाला कुठेही न शिवता ते हवा कापत होतं. सोळा मिनिटं मी घड्याळ लावून उभी राहिले. सतराव्या मिनिटाला हत्यार पहिल्यांदा पोलादाला लागलं, आणि दहा मिनिटांत काम संपलं. जाड नगासाठी लिहिलेला जुना प्रोग्रॅम होता तसाच लावला होता. तो बिचारा नसलेली जाडी इमानदारीने तासत होता.

हे मागच्या टेबलावर बसून चहा पीत होते. मी म्हटलं, ‘अहो, हत्यार हवेत फिरतंय.’

‘माहितेय.’

‘माहितेय? मग प्रोग्रॅम बदलला का नाही?’

‘मंजूर प्रोग्रॅम आहे. बदलायचा तर लेखी यावं लागतं. मला कुणी लेखी दिलं नाही.’

‘मागायचं होतं.’

‘मी कशाला मागू? नग त्यांचा, कल्पना त्यांची. आणि उद्या प्रोग्रॅम बदलून हत्यार आपटलं तर विचारणार कुणाला?’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘मी काही खोटं लिहिलं का? सव्वीस मिनिटं लागली, सव्वीस लिहिली.’

मी म्हटलं, ‘वेळ निम्मा झाला तर तुमची निम्मी मशीनं उभी राहतील, म्हणून केलंत का?’ मला खरंच वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. आपल्या हाताखालच्या माणसांसाठी कुणी दुष्टपणा केला, तर त्याच्याशी भांडता तरी येतं. ते म्हणाले, ‘छे गं, एवढा विचार कोण करतो?’ ह्या माणसाच्या ताटात मी बारा वर्षं वाढते आहे. काही करायचं नाही आणि काही होऊही द्यायचं नाही, एवढीच ह्यांची अक्कल.

‘उरलेले दोन नग तरी थांबवा,’ मी म्हटलं. ते म्हणाले, लॉट मध्येच तोडता येत नाही.

मी ओतकामात गेले. मामा साच्यांच्या फळीपाशी बसून डबा खात होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्याने घास सावकाश चावला आणि म्हणाला, ‘मला पहिल्याच दिवशी दिसलं.’

‘काय?’

‘नग कसा लागतोय ते बघायला गेलो होतो. पाच मिनिटं उभा राहिलो. कळायला काय लागतं?’

‘आणि गप्प बसलास?’

‘बोलून काय? साहेब विचारणार, फोरमन झोपला होता का. जावईबापूंवर बालंट. मग तुझ्या घरात रोजची कटकट. मीच जमवलेलं घर ते.’ त्याने डब्याचं झाकण लावलं. ‘माझं काय, आठ महिन्यांनी निवृत्तच व्हायचंय.’

‘आणि बाकीचे एकतीस?’

त्याने डबा पिशवीत ठेवला. बाजूच्या फळीवर एक नग होता, राखाडी, लेथ न लागलेला. एक्केचाळिसावा. एखादा फुटला तर हाताशी असावा म्हणून त्याने जास्तीचा ओतला होता, आणि मीच तो मोजला होता. मी म्हटलं, ‘हा आहे ना. हा नव्या प्रोग्रॅमवर लावून दाखवू. दहा मिनिटांचं काम. मी आत्ता साहेबांकडे जाते, तू तो नग घेऊन ये.’

तो म्हणाला, ‘तू हो पुढे.’

साहेब तासाभराने भेटले; तोवर शेवटचे दोन नगही लेथवरून उतरले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ह्यांना बोलावलं. ह्यांनी लेखी आदेशाचं तेच पुराण वाचलं. साहेबांच्या कपाळावर आठी पडली, कारण रिपोर्ट तासाभरापूर्वी वर गेलेला होता, आणि चुकीचा रिपोर्ट वर जाणं म्हणजे साहेबांचीच फजिती. ते म्हणाले, ‘बाई, सही तुमचीच आहे.’ मी म्हटलं, ‘माझी चूक झाली, तसं लिहून देते.’ मग जरा विचार करून ते म्हणाले, ‘कच्चा नग शिल्लक असेल तर माझ्यासमोर लावा. मी घड्याळ घेऊन उभा राहतो. दहा मिनिटं भरली तर मी स्वतः वर कळवतो.’ एवढं त्या माणसाने म्हटलं, हे मला मान्य केलंच पाहिजे.

तेवढ्यात मामा आला. हात रिकामे.

साहेबांनी विचारलं, ‘एखादा नग शिल्लक आहे का?’

मामा म्हणाला, ‘नाही साहेब. चाळीस दिले होते.’

‘यांचं म्हणणं, हत्यार हवेत फिरत होतं. तुम्ही पाहिलंत?’

‘लेथचं मला काय कळतं, साहेब? मी ओतारी माणूस.’

मी मामाकडे पाहत राहिले. तो खिडकीबाहेर पाहत होता. ह्यांनी बुटांकडे पाहून घेतलं. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि रुमाल काढला.

बाहेर येऊन मी मामाचा हात धरला. ‘फळीवरचा नग कुठाय?’

‘भट्टीत टाकला,’ तो म्हणाला. ‘तू वर गेलीस तेव्हाच. म्हणजे मी खोटं नाही बोललो.’

अगदी तशाच आवाजात, जशा आवाजात ह्यांनी सव्वीस मिनिटांचं सांगितलं होतं. दोघांपैकी कुणीही एक शब्द खोटा उच्चारला नव्हता, आणि बत्तीस माणसांचं खातं बुडालं होतं. ह्यांचा राग यायची मला सवय आहे. पण मामाने दोन वर्षं खपून बनवलेली आपली कातडी स्वतःच्या हाताने भट्टीत टाकली, ती माझ्या संसारासाठी, आणि संसार माझा असून मला विचारायचं त्याला सुचलं नाही. त्यागबिग म्हणतात ते हेच असेल, तर त्याचा मला उबग आला.

पंधरा दिवसांनी खातं बंद झाल्याची नोटीस लागली. बत्तीस नावं, मामाचं पहिलं. नोटीस लावणाऱ्याने भिंतीवर टेप नीट बसली का ते पाहिलं आणि गेला. त्या रविवारी दुपारी आमचे हे म्हणाले, ‘मामांना आणि मामींना जेवायला बोलावलंय. बरं दिसतं.’ मी स्वयंपाक केला.

ते आले. मामी माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात येऊन कुकरचा वास घेऊन गेली, आता सवयच झाली होती तिला. मामा आणि हे बाहेर गप्पा मारत बसले. गुडघे कसे दुखतात, कुठलं तेल बरं. जेवायला बसल्यावर ह्यांनी मामाला आग्रह करकरून वाढलं. एवढा आग्रह मी बारा वर्षांत पाहिला नव्हता. मामा म्हणाला, ‘पुरे, जावईबापू,’ आणि घेतलं. दोघं इतके मोकळे, इतके हलके झालेले की जणू मोठं संकट टळलं होतं. मी जेवायला बसलेच नाही.

मामा माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘राग सोड आता. तुझं घर शाबूत राहिलं ना? मला तेवढंच हवं होतं.’

मी म्हटलं, ‘बाकीची एकतीस घरं?’

‘आता जेवताना कशाला?’ हे म्हणाले.

मामाने हातातला घास ताटात ठेवला. मग अगदी खरं, मनापासून बोलला. ‘हे बघ पोरी, त्या घरांत काही मी जेवायला जात नाही.’

मी पुढे झाले आणि त्याच्यासमोरचं ताट उचललं. अर्धा भात, त्यात त्याची बोटं उमटलेली. ते मोरीत नेऊन ठेवलं. परत आले आणि म्हटलं, ‘मग आजपासून ह्याही घरात येऊ नकोस.’

मामाचा हात जेवणाने भरलेला तसाच ताटाच्या रिकाम्या जागेवर होता. मी ह्यांचंही ताट उचललं. मामी मात्र जेवत होती. तिचं ताट मी राहू दिलं, आणि तिला आणखी भात वाढला.